वाचनाचे टार्गेट

(वाचन प्रेरणा दिनाच्या संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून, थोडी काटछाट करून, जसे बोललो तसेच स्मरणिकेसाठी दिले आहे.)



आज १५ ऑक्टोबर. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपले राज्य हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळते. सचिवांनी मला विषय दिला होता 'वाचनाचे महत्त्व'. मी त्यांना म्हटलं, साहेब, वाचनाच्या महत्त्वाबद्दल कुणाचा वाद आहे का? सकाळी फिरायला जावं याबद्दलही कुणाचा वाद नाही. तरी पहाटे साडेपाचला महामार्गाच्या कडेला आपण चौघेच दिसतो. तेव्हा महत्त्व राहू द्या, मी हिशेबाबद्दल बोलतो. वर्षाला पुस्तके किती वाचायची आणि ती मोजायची कशी, एवढाच माझा विषय. आयुष्य बँकेत गेलं, हिशेबाशिवाय मला दुसरं काही नीट येत नाही.

झालं असं की चार वर्षांपूर्वी एक जानेवारीला पुण्याहून नातवाचा फोन आला. म्हणाला, "आजोबा, मी यंदा बावन्न पुस्तकं वाचणार. आठवड्याला एक. तुमचं टार्गेट किती?" आता 'टार्गेट' या शब्दाबरोबर मी पस्तीस वर्षं संसार केला आहे. ठेवींचं टार्गेट, पीककर्जाचं टार्गेट, वसुलीचं टार्गेट, नंतर विम्याचंसुद्धा. निवृत्तीनंतर तो शब्द घरात येईल असं वाटलं नव्हतं. पण नातवासमोर मागे कसं हटायचं? म्हटलं, "चोवीस. महिन्याला दोन."

फोन ठेवला आणि लगेच वही काढली. कारण टार्गेट माणसाचं काय करतं हे बँकवाल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखांमधल्या ठेवी कशा फुगतात हे इथे बसलेल्या दोघातिघांना चांगलं माहीत आहे, ते गालात हसतही आहेत. ३१ मार्चला मोठ्या ठेवीदाराचे पैसे येतात आणि एप्रिलचा पहिला आठवडा संपायच्या आत निघून जातात. आकडा गाठला जातो, धंदा वाढलेला नसतो. तेव्हा मी मनाशी म्हटलं, आपण चोवीस म्हणालो खरे, पण नोव्हेंबर उजाडला की हात आपोआप पातळ पुस्तकांकडे जाईल. जाड पुस्तक कपाटातच राहील. वर्षाअखेरीस चोवीस भरतील आणि डोक्यात काही उरलेलं नसेल. म्हणून सुरुवात करण्याआधीच ठरवलं की वहीत पुस्तकांचा रकाना शेवटचा. आधीचा रकाना पानांचा.

हिशेब सोपा आहे. सर्वसाधारण मराठी पुस्तक अडीचशे पानांचं धरा. चोवीस पुस्तकं म्हणजे सहा हजार पानं. ३६५ ने भागा, रोजची साडेसोळाच्या आसपास येतात. नातवाची बावन्न म्हणजे तेरा हजार पानं, रोज पस्तीस-छत्तीस. नोकरी करणाऱ्या पोराला ते झेपेल की नाही याची मला तेव्हाच शंका होती. आणि ज्याला काहीच जमत नाही त्याने रोज दहा पानं वाचली तरी वर्षाला तीन हजार सहाशे पन्नास होतात, म्हणजे चौदा पुस्तकं. दहा पानांना मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. इथल्या किती घरांत टीव्हीवरची एक मालिका तेवढ्या वेळात संपते, ते मी विचारत नाही.

पातळ पुस्तकांवर मी उगाच राग धरला आहे असं समजू नका. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ चं. केवढंसं पुस्तक! दोन बसण्यांत संपतं आणि मग आठ दिवस दुसरं काही हातात घ्यावंसं वाटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तशीच. आपल्या मराठवाड्याच्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' तशीच. उलट भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' घ्या, तिला मला जवळजवळ दोन महिने लागले. आता 'रणांगण' एक आणि 'हिंदू' एक, दोन्ही वहीत सारखेच एक-एक लिहायचे, हा कुठला न्याय? शंभर रुपयांची पावती आणि लाखाची पावती, दोन्ही एक-एक पावती म्हणून मोजणाऱ्या कॅशियरला आपण काय म्हणू?

तर पहिल्या वर्षी माझी पाच हजार एकशे बारा पानं झाली, पुस्तकं सतरा. दुसऱ्या वर्षी मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली, त्यात तीन महिने गेले. पानं तीन हजार आठशे सत्तर, पुस्तकं चौदा. तिसऱ्या वर्षी पानं सहा हजार अठ्ठेचाळीस, पुस्तकं एकोणीस. म्हणजे पुस्तकांच्या हिशेबाने नापास, पानांच्या हिशेबाने पास. यंदा काल रात्रीपर्यंत चार हजार चारशे दहा. टार्गेटपेक्षा तीनशे पानं मागे आहे. चोवीस पुस्तकं मला अजून एकाही वर्षी जमलेली नाहीत. बँकेत असतो तर एव्हाना रिजनल ऑफिसचं पत्र आलं असतं.

दुसऱ्या वर्षाची एक गंमत सांगतो. डोळ्यांवर पट्टी आणि दिवसातून चार वेळा थेंब, त्यामुळे वाचन बंद. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मला वाचून दाखवली. लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या, लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या. आणि लिहिलं काय, तर मराठीत त्याला जोड सापडायची नाही! आमचं वाचन मधूनमधून थांबायचं, कारण वाचणारीलाच हसू आवरायचं नाही. पुस्तक संपलं तसं मी ते वहीत लिहायला घेतलं. सौ. म्हणाल्या, "ते तुमच्या खात्यात कसं? वाचलं मी." मी म्हटलं, ऐकलं मी. शेवटी ते जॉइंट खात्यात जमा केलं.

पण त्यावरून मला एक गोष्ट सुचली. ऐकणं हे वाचनात धरायचं की नाही, असा वाद हल्ली मोबाईलवर पुस्तकं ऐकणारी मुलं घालतात. आपल्या भागात हा वाद कधी नव्हताच. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण श्रावणात देवळात लागणारी पोथी तिने वर्षानुवर्षं ऐकली आणि कथाभागात वाचणाऱ्याने ओळ गाळली तर ती खालून सांगायची, "महाराज, मधलं राहिलं."

आणि वाचनाचं टार्गेट हा शब्द तेवढा नवा आहे, वस्तू जुनी आहे. ज्ञानेश्वरीचं पारायण म्हणजे दुसरं काय असतं? नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांत पूर्ण करायच्या, म्हणजे रोजच्या जवळपास तेराशे. गुरुचरित्राच्या सप्ताहात कुठल्या दिवशी कितव्या अध्यायावर थांबायचं तेसुद्धा ठरलेलं. चुकलं तर चालत नाही. इथून औंढ्याला दर श्रावण सोमवारी जाणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी काही शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचतात. रोज तोच! नातवाच्या हिशेबात त्यांचं वर्षाचं वाचन शून्य पुस्तकं. माझ्या पानांच्या वहीतही ते नीट बसत नाही. तरी त्या वाचनाला वाचन म्हणायचं नाही का? नामदेव महाराजांचं नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या एखाद्या वारकऱ्याला जाऊन विचारा, यंदा किती पुस्तकं वाचली म्हणून. तो गाथा दाखवील.

पारायणात वेगसुद्धा असतो, हे मान्य. धडाधडा ओव्या म्हणायच्या आणि अर्थाकडे बघायचं नाही, असंही खूप पाहिलं आहे. तेही मार्चएंडच. पण त्याच्यात एक गोष्ट पक्की असते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, पाट, समई. माणूस येऊन बसतो. माझा अनुभव असा की वाचनात कठीण भाग वाचणं हा नाही. येऊन बसणं हा आहे.

म्हणून तिसऱ्या वर्षी वहीत मी आणखी एक रकाना आखला, दिवसांचा. त्या दिवशी पुस्तक उघडलं की टिक. दोन पानं वाचली तरी टिक, चाळीस वाचली तरी एकच टिक. त्या वर्षी तीनशे एकतीस टिका झाल्या. पानांच्या रकान्यात फसवणूक होऊ शकते, पानापानात फरक असतो. अर्थासहित ज्ञानेश्वरीचं एक पान अर्धा तास खातं आणि रहस्यकथेचं पान मिनिटात उलटतं. दिवसांच्या रकान्यात तशी सोय नाही. तीन रकान्यांपैकी माझा सगळ्यात जास्त विश्वास आता याच रकान्यावर आहे.

आता कुणी म्हणेल, काका, खरे वाचणारे असा हिशेब ठेवतात का? दोन्ही प्रकारचे आहेत. एक तर आपल्याच मातीतला माणूस. नरहर कुरुंदकर. मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा, जन्म १९३२ चा, नांदापूरचा. म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातलेच. निजामाचं राज्य होतं, शिक्षणासाठी हैदराबादला गेले आणि तिथे वाचायला लागले ते असे की इंटरची परीक्षा नापास झाले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. इतिहास, धर्मशास्त्र, साहित्यशास्त्र, राजकारण, संगीत, कशावर बोलले नाहीत ते सांगा. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांनी पत्राच्या रूपात प्रस्तावना लिहिली. कित्येकजण ती कादंबरीच्या आधी वाचतात आणि कित्येकजण कादंबरी संपल्यावर पुन्हा वाचतात. १९८२ साली गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. त्यांनी पुस्तकं मोजली असतील असं मला वाटत नाही. डोक्यात एखादा प्रश्न घुसायचा आणि त्या प्रश्नाच्या मागे जेवढी पुस्तकं लागतील तेवढी वाचायची, ही त्यांची तऱ्हा. (मुलांनो, इंटर नापास एवढाच भाग घरी जाऊन सांगू नका.)

दुसरे मोजणारे. महात्मा गांधी १९२२ च्या मार्चपासून जवळपास दोन वर्षं येरवड्याच्या तुरुंगात होते. त्या काळात त्यांनी दीडशेच्या आसपास पुस्तकं वाचली आणि काय वाचलं याची नोंद तुरुंगातल्या डायरीत ठेवली. गुजरातीतलं अख्खं महाभारत त्यात आहे, रोमन साम्राज्यावरचे गिबनचे ग्रंथ आहेत. सूत कातायचं ते वेगळंच. सहा वर्षांची शिक्षा होती, तुरुंगातच पोटाचा आजार झाला, ससूनमध्ये ऑपरेशन झालं आणि १९२४ च्या फेब्रुवारीत सुटले. सुटल्यावर त्यांनी आपल्या या वाचनावर लिहिलंसुद्धा. म्हणजे यादी ठेवणं हा काही क्षुद्रपणा नाही. फक्त ती आपल्यासाठी ठेवायची, दुसऱ्याला दाखवून मोठं व्हायला नाही.

एक तिसरी तऱ्हा मी आपल्या सोसायटीतच पाहिली. आपल्यातले एक सर गेले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी पुस्तकं सोसायटीच्या कपाटाला दिली. ती लावायचं काम माझ्याकडे आलं. सरांची सवय अशी की पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख घालायची. मी एकेक शेवटचं पान बघत गेलो. बऱ्याच पुस्तकांवर एक तारीख, काहींवर दोन. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर पाच तारखा होत्या. पहिली आणि पाचवी यांच्यात बत्तीस वर्षांचं अंतर. ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं, आणि वाचलं म्हणून बाजूला ठेवलेलं. सरांनी ते पाच वयांत पाच वेळा वाचलं. आता हे एक धरायचं की पाच? मी पाच धरतो. शिक्षक होऊन वाचणं, बाप होऊन वाचणं आणि आई गेल्यावर वाचणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आता एक हिशेब सांगतो, तो ऐकून वाईट वाटून घेऊ नका. मी पंच्याहत्तरीत आहे. वर्षाला सरासरी सतरा-अठरा पुस्तकं होतात. डोळे आणि डोकं अजून दहा वर्षं टिकलं असं मोठ्या मनाने धरलं तर एकशे ऐंशी. आपल्या कपाटात आज तीनशेच्या आसपास पुस्तकं आहेत. म्हणजे हे एवढंसं कपाटसुद्धा माझं वाचून होणार नाही. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांची गोष्ट सोडा, या भिंतीजवळच्या गोदरेजचीच गोष्ट करतोय मी. हा आकडा पहिल्यांदा वहीत मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही. मग सकाळी उठून एकशे ऐंशींतली पहिली वीस कोणती, याची यादी करायला बसलो. ती यादी अजून बदलते आहे. 'गीतारहस्य' तीनदा आत आलं आणि तीनदा बाहेर गेलं. ते लोकमान्यांनी मंडालेत लिहिलं, सहा वर्षं त्यांच्याजवळ होती. माझ्याजवळ किती आहेत ते ठरवून मग त्याला हात घालीन.

त्या हिशेबातून एक फायदा झाला. अर्धवट पुस्तक सोडून देण्याची लाज गेली. आपल्यात एक समजूत आहे की हातात घेतलेलं पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे, ताटात वाढलेलं संपवलं पाहिजे तसं. बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज एनपीए होतं. मी पुस्तकालाही तोच नियम लावला. नव्वद दिवसांत ज्या पुस्तकाला पुन्हा हात लागला नाही ते एनपीए. निमूट कपाटात परत. त्याचा दुसरा कुणी वाचक असेल. रंगनाथन म्हणून ग्रंथालयशास्त्राचे मोठे जाणकार मद्रासला होऊन गेले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांतल्या दोनांचा मतलब असा की जसं वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, तसं पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मी अडवून ठेवलेलं पुस्तक कुणा वहिनींची वाट बघत असेल.

मुलांच्या आईवडिलांना एक विनंती. शाळेच्या पुस्तकाबाहेरच्या वाचनाला आपल्याकडे 'अवांतर' वाचन म्हणतात. मला तो शब्दच आवडत नाही. अवांतर म्हणजे मूळ विषय सोडून केलेलं. इथली पोरं नांदेडला, पुण्याला अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षेची गाईडं दहा-दहा तास वाचतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण दिवसात दहा पानं अशी असू द्या, ज्यांच्यावर कुणी प्रश्न विचारणार नाही. आणि मुलांना 'वर्षाला पन्नास' असं सांगू नका. ती भरतील आकडा. आम्हीही भरत होतो.

राहिली पुस्तकं मिळण्याची अडचण. आपण फाट्यावर राहतो. इथे नांदेडची, हिंगोलीची, नागपूरकडची गाडी मिळते, रात्री बाराला खिचडी मिळते, पण पुस्तक विकत घ्यायचं म्हटलं तर नांदेड गाठावं लागतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' अशी योजना चालवली आहे. पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीत जाते, कुणा एकाच्या घरी राहते, आसपासची घरं तिच्यातून वाचतात, काही महिन्यांनी पेटी बदलते. सोसायट्यांत गेली, तुरुंगात गेली, परदेशातल्या मराठी माणसांकडेही गेली. विनायक रानडे यांनी हे उभं केलं. त्याला इमारत लागली नाही की कारकून लागला नाही. आपल्या तीनशे पुस्तकांच्या तीन पेट्या केल्या आणि दर चार महिन्यांनी एका विंगेतून दुसऱ्या विंगेत फिरवल्या, तर कपाटाच्या चावीचा प्रश्नच उरणार नाही. ती चावी कुणाकडे असते हे आजही निम्म्या सभासदांना माहीत नाही. माझ्याकडे असते! कार्यकारिणीने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी माझी लेखी विनंती सचिवांकडे दिलेली आहे. पहिली पेटी आमच्या घरी ठेवायला सौ. तयार आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहे.

जाता जाता नातवाचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी त्याची बावन्नपैकी अकरा झाली. मी काही बोललो नाही. यंदा त्याने आकडा सांगितलेला नाही, पण मागच्या महिन्यात आला तेव्हा सरांच्या तारखांची 'श्यामची आई' वाचायला घेऊन गेला. नव्वद दिवस डिसेंबरात भरतात.

दारापाशी टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, घर तिथे एक. तीन रकाने मी आखून दिले आहेत. चहा झाल्यावर घेऊन जा.